नको ते न पाहण्याची सोय: किलफाइलपासून एआयच्या सरकपट्टीपर्यंत

ऑक्टोबर २०२५ मध्ये पिंटरेस्टने आपल्या सेटिंग्जमध्ये एक नवी सोय दिली. कला, फॅशन, गृहसजावट अशा काही विषयांत 'एआयने बनवलेली चित्रे मला कमी दाखवा' असे वापरकर्त्याला सांगता येऊ लागले. पुढच्याच महिन्यात टिकटॉकने अशाच कामाची एक सरकपट्टी जाहीर केली. ती डावीकडे नेली की एआयचे व्हिडिओ कमी, उजवीकडे नेली की जास्त. भारतात टिकटॉकवर जून २०२० पासून बंदी असल्याने ही पट्टी तुम्ही हाताळली नसेल, पण तिच्यातला एक शब्द लक्षात ठेवा. दोन्ही कंपन्यांनी 'कमी' म्हटले, 'बंद' म्हटले नाही. ते तसे का, हे समजून घ्यायला चाळीस वर्षे मागे जावे लागते.

आजच्या समाजमाध्यमांच्या आधी युजनेट होते. विद्यापीठांतले आणि प्रयोगशाळांतले संगणक एकमेकांना जोडून चालवलेली ती चर्चामंडळे होती. १९८४ मध्ये लॅरी वॉल यांनी युजनेट वाचण्यासाठी 'आरएन' नावाचा प्रोग्राम लिहिला. हेच वॉल पुढे पर्ल या संगणकभाषेचे जनक म्हणून ओळखले गेले. आरएनमध्ये 'किलफाइल' नावाची सोय होती. ज्या लेखकाचा किंवा विषयाचा कंटाळा आला असेल त्याचे नाव त्या फाइलीत लिहायचे. पुढे त्याचे संदेश तुम्हाला दिसत नसत. इतरांना मात्र ते दिसत राहत. म्हणजे लेखकाचे तोंड बंद न करता वाचकाला आपले डोळे मिटता येत होते. आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे: ही फाइल वाचकाची स्वतःची होती. तिच्यात काय आहे ते त्याला उघडून वाचता येई, खोडता येई.

तिची मर्यादा १२ एप्रिल १९९४ रोजी उघडी पडली. अमेरिकेतील एका वकील दांपत्याने ग्रीन कार्ड सोडतीची जाहिरात हजारो चर्चामंडळांवर एकाच वेळी टाकली. किलफाइल नाव ओळखून काम करीत असे. जाहिरात करणारा रोज नाव आणि विषय बदलू लागला, की वाचकाची यादी नेहमी एक दिवस मागेच राहणार. प्रेषकाने आपण कोण हे खरे सांगितले, तरच गाळणी चालते. पुढच्या सगळ्या इतिहासात हीच अडचण वेगवेगळ्या वेषांत येते.

भारतीय वाचकाला तिचा वेष चांगलाच परिचयाचा आहे. जाहिरातीचे फोन नकोत म्हणणाऱ्यांसाठी दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, २००७ मध्ये राष्ट्रीय 'डू नॉट कॉल' नोंदवही सुरू केली. ती पुरेशी ठरली नाही, म्हणून २७ सप्टेंबर २०११ पासून नवी व्यवस्था आली. १९०९ या क्रमांकावर कळवून सगळ्या जाहिराती थांबवता येऊ लागल्या, किंवा बँकिंग, बांधकाम, शिक्षण, आरोग्य, पर्यटन अशा सात गटांतून हवे तेवढे निवडता येऊ लागले. विचार करा, आजच्या सरकपट्टीपेक्षा ही निवड किती तरी बारीक होती! नोंदणीकृत टेलिमार्केटरांना १४० ने सुरू होणारे क्रमांक दिले गेले, म्हणजे फोन कोणाचा हे वाजतानाच कळावे. मग झाले काय? नियम पाळणाऱ्यांना चाप बसला आणि न पाळणारे साध्या दहा आकडी क्रमांकांवरून फोन करू लागले. खूण लावणाराच अडकतो आणि न लावणारा सुटतो, हे तेव्हाच दिसून आले होते.

दरम्यान समाजमाध्यमांवर दुसराच बदल झाला. फेसबुकने सप्टेंबर २००६ मध्ये न्यूज फीड आणले आणि काय आधी दिसावे हे हळूहळू कंपनीचे गणित ठरवू लागले. इन्स्टाग्रामनेही २०१६ मध्ये कालक्रम सोडला. सहा वर्षांनी, मार्च २०२२ मध्ये, त्यांनी कालक्रमाचा पर्याय परत दिला, पण अ‍ॅप उघडले की आधी दिसणार ते कंपनीने रचलेले फीडच. युरोपीय संघाने डिजिटल सेवा कायद्यात मोठ्या मंचांना वापरकर्त्याच्या सवयींवर न बेतलेला निदान एक पर्याय देणे सक्तीचे केले. किलफाइलच्या मानाने फरक उघड आहे. गाळणी आता वाचकाच्या हातात नाही. ती कंपनीकडे आहे, आणि वाचकाला फार तर विनंती करता येते.

२०२२ नंतर चित्र, आवाज, व्हिडिओ बनवणारी एआय साधने सर्वांच्या हाती आली. नोव्हेंबर २०२३ मध्ये अभिनेत्री रश्मिका मंदाना यांचा चेहरा दुसऱ्या स्त्रीच्या शरीरावर बसवलेला व्हिडिओ देशभर फिरला आणि डीपफेक हा शब्द घरोघरी पोचला. कंपन्यांचे पहिले उत्तर होते लेबल. २०२४ मध्ये मेटाने 'एआयने बनवलेले' असा शिक्का लावायला सुरुवात केली, तर छायाचित्रकारच चिडले. खऱ्या कॅमेऱ्याने काढलेल्या छायाचित्रातला एखादा डाग संपादनाच्या साधनाने पुसला, तरी शिक्का बसत होता. जुलैमध्ये मेटाला शब्द बदलून 'एआय माहिती' असा मवाळ करावा लागला. उलट्या बाजूने, फाइलमध्ये लपवलेली उगमाची माहिती स्क्रीनशॉट काढताच गळून पडते. म्हणजे लेबल निरपराधाला चिकटते आणि लबाडाच्या अंगावरून निसटते.

आता 'कमी' या शब्दाकडे परत या. सरकपट्टी तेवढेच गाळू शकते जेवढे ओळखले गेले आहे. 'बंद' असे वचन दिले असते तर ते पहिल्याच दिवशी मोडले असते. त्या शब्दात प्रामाणिकपणा आहे, हे मान्य करायला हवे. पण किती ओळखले, किती निसटले, हे वापरकर्त्याला तपासता येत नाही. किलफाइल मात्र उघडून पाहता येत होती. माझ्या मते खरे नुकसान इथे झाले आहे.

शिवाय काय गाळावे हाही प्रश्न सोपा नाही. समजा, तमिळमधील एक उत्तम व्याख्यान एआयच्या आवाजात मराठी किंवा ओडिया झाले. ते आणि पैशासाठी रोज शेकड्याने ओतले जाणारे निरर्थक व्हिडिओ, दोन्हींवर शिक्का एकच. पट्टी डावीकडे सरकवणारा विद्यार्थी दोन्ही गमावू शकतो. ट्रायच्या सात गटांसारखी वर्गवारी इथे अजून कोणी नीट केलेली नाही.

भारत सरकारने २२ ऑक्टोबर २०२५ रोजी माहिती तंत्रज्ञान नियमांतील दुरुस्तीचा मसुदा काढला. लेबलने दृश्य भागाचा किमान दहा टक्के हिस्सा व्यापावा, असे त्यात होते. त्यावर बरीच टीका झाली, आणि १० फेब्रुवारी २०२६ रोजी अधिसूचित झालेल्या अंतिम नियमांत ही दहा टक्क्यांची अट राहिली नाही. २० फेब्रुवारीपासून मोठ्या मंचांनी मजकूर टाकणाऱ्याकडून घोषणा घ्यायची, ती तांत्रिक उपायांनी पडताळायची आणि ठळक लेबल लावायचे, असा नियम आहे. यात कर्तव्ये टाकणाऱ्याची आणि मंचाची आहेत. पाहणाऱ्याला 'मला हे नको' म्हणता यावे, अशी सोय देण्याचे बंधन मात्र त्यांत घातलेले नाही. १९०९ चा नियम करताना याच देशाने ग्राहकाची निवड केंद्रस्थानी ठेवली होती. समाजमाध्यमांबाबत ती कंपनीच्या मर्जीवर राहिली आहे.

स्वाध्याय: तुम्ही रोज वापरता त्या एका अ‍ॅपच्या सेटिंग्ज उघडा. एआय मजकूर कमी करण्याची सोय आहे का, तिच्यापर्यंत पोचायला किती वेळा बोट लावावे लागते, आणि ती कशाच्या आधारे गाळते हे कुठे सांगितले आहे का, याची नोंद करा. मग हीच नोंद १९०९ च्या सात गटांशी ताडून दोन पाने लिहा.