स्वस्त देश म्हणजे काय?

आजचा विषय तसा घरगुती आहे: परक्या देशात जाऊन थोडक्या पैशांत राहायचं, याचा महिन्याचा हिशेब.

माझा भाचा अमेरिकेत असतो. मागे सुटीवर पुण्यात आला, तेव्हा हॉटेलचं बिल बघून म्हणाला, "मामा, इकडे सगळं किती स्वस्त आहे!" मला, पेन्शनर माणसाला, तेच बिल जड वाटत होतं. कागद एकच, आकडा एकच. मग स्वस्ताई होती कुठे?

तर्कशास्त्र शिकवताना मी सांगायचो, काही शब्द वस्तूचा गुण सांगतात, काही संबंध. साखर गोड, हा गुण झाला. पण 'थोरला' कुणी एकटा नसतो, त्याला धाकटा भाऊ लागतो. 'स्वस्त' हा शब्द या दुसऱ्या जातीचा.

आता १९२२ च्या पॅरिसमध्ये जाऊ. अर्नेस्ट हेमिंग्वे तेव्हा बावीस-तेवीस वर्षांचा, टोरोंटोच्या एका वृत्तपत्राचा बातमीदार. वर्षाला हजार डॉलर असतील तर पॅरिसमध्ये मजेत राहता येतं, असा लेखच त्यानं त्या फेब्रुवारीत लिहिला. हॉटेलात दोघांची खोली दिवसाला १२ फ्रँक. युद्धापूर्वी डॉलरला पाचएक फ्रँक मिळत, आता साडेबारा. म्हणजे वर्षाचे साडेबारा हजार फ्रँक, त्यातले साधारण ४,४०० खोलीचे. एक-तृतीयांशाच्या थोडं वर. उरलेल्यात खाणंपिणं, कपडेलत्ते. हिशेब चोख आहे. आणि विनिमयाचा दर पूर्वीसारखा असता तर हाच माणूस उपाशी मरेल, हेही त्यानं प्रांजळपणे लिहिलंय. त्याचं स्वतःचं बिऱ्हाड बरंचसं बायकोला अमेरिकेतून येणाऱ्या व्याजावर चालायचं. सगळी मेख इथे आहे मंडळी: मिळकत एका चलनात, खर्च दुसऱ्या चलनात.

त्याच वर्षीच्या सप्टेंबरात त्याचा आणखी एक लेख छापून आला. स्ट्रासबुर्गहून ऱ्हाइनचा पूल ओलांडला की जर्मनीतलं केल हे गाव. दहा फ्रँक दिले, ६७० मार्क मिळाले. तेवढ्यात नवराबायकोचा दिवस थाटात गेला, वर १२० मार्क उरले. गंमत बघा, डॉलरपुढे मान खाली घालणारा फ्रँक पुलापलीकडे सावकार झाला होता. फ्रेंच लोक झुंडीनं येत आणि मिठाईच्या दुकानात केकवर तुटून पडत. दुकानदाराचा चेहरा मात्र आंबट. धंदा जोरात, पण हाती येणारा मार्क रोज घसरणारा.

त्या लेखातला एक प्रसंग मी विसरू शकत नाही. हेमिंग्वे सफरचंदं घेतो. एक पांढऱ्या दाढीचा, सभ्य म्हातारा टोपी उंचावून भाव विचारतो. बारा मार्क. म्हातारा हसून मान हलवतो, परवडत नाही म्हणतो. बारा मार्क म्हणजे हेमिंग्वेच्या लेखी दोन सेंटसुद्धा नाहीत! म्हाताऱ्याची आयुष्यभराची बचत मार्कांत असणार, आणि मार्क वितळत होता. आपण त्याला एखादं सफरचंद द्यायला हवं होतं, असं हेमिंग्वेला मागाहून वाटलं.

पुढचं थोडक्यात सांगतो. युद्धापूर्वी डॉलरला ४.२ मार्क मिळत, नोव्हेंबर १९२३ मध्ये ४.२ लाख कोटी. मग नवं चलन आलं आणि परक्यांची जर्मनीतली चैन संपली. फ्रान्समध्ये जुलै १९२६ मध्ये डॉलर पन्नास फ्रँकच्या जवळ गेला, तेव्हा पॅरिसचे लोक पर्यटकांच्या बसगाड्यांवर ओरडू लागले. त्यांचा राग काही बसवर नव्हता. पुढे १९३३ मध्ये अमेरिकेनं डॉलर सोन्यापासून सोडवला, तो घसरला, आणि पॅरिसमधल्या कितीतरी अमेरिकनांना परतीचं तिकीट काढावं लागलं. खोल्या त्याच, पाव तोच. हललं होतं ते फक्त नातं.

म्हणून परदेशी राहायला निघालेल्यांना मी दोन गोष्टी सांगतो. अंदाजपत्रकात भाडं, भाजी, औषधं लिहाल, तसा विनिमयाचा दरही खर्चाच्या बाजूला धरा. तो उलटला तर काय, याची तजवीज ठेवा. आणि प्रत्येक भाव एकदा तिथल्या शिक्षकाच्या पगारात मोजून बघा. हिशेब बदलणार नाही कदाचित. पण शेजारी टोपी उंचावून कोण उभं आहे, ते दिसेल.

भाच्याला हे सांगितलं. तो म्हणाला, "मामा, मग बिल मी देऊ की नको?" म्हटलं, तूच दे.