लाल ठिपके

पुलगाव म्हटलं की लोकांना 2016 ची दारूगोळा भांडाराची आग आठवते. त्याला लागून असलेलं नाचणगाव मात्र कुणाला सांगून कळत नाही. माझं गाव ते. गेल्या शनिवारी घरी गेलो होतो, तेव्हा जेवताना आमच्या गल्लीतल्या एका काकांचा विषय निघाला. ट्रकवर होते. 2003 च्या दिवाळीनंतर वारले. मी तेव्हा पाच-सहा वर्षांचा. त्यांच्या दाराशी सतत वाळत असलेल्या चादरी तेवढ्या आठवतात.

"हगवण लागली होती त्याले," आई म्हणाली. "खाल्लं का निघून जाय. शेवटी नुसते हाडं राहिले होते." मग आवाज उतरवून, "तो आजार होता म्हनत."

हगवणीनं तिशीतला माणूस मरतो? डोक्यातून जाईना. रविवारभर वाचत बसलो, त्याचाच हा लेख. (जेवताना वाचू नका!)

तर मंडळी, एचआयव्ही पहारेकरी उठवतो, चोरी दुसरेच करतात. त्यातला एक चोर म्हणजे क्रिप्टोस्पोरिडियम. 1907 साली टायझर नावाच्या अमेरिकन डॉक्टरला तो उंदरात सापडला. पुढची कित्येक दशकं त्याची दखल घेतली ती मुख्यतः जनावरांच्या डॉक्टरांनी. माणसात तो सापडल्याची पहिली नोंद थेट 1976 ची. आणि 1982 च्या अखेरीस अमेरिकेत एड्स झालेल्या 21 पुरुषांत तो आढळल्याचं जाहीर झालं. तिकडे युगांडात 1985 च्या सुमारास लोक एड्सलाच 'स्लिम' म्हणू लागले होते, कारण माणूस हगवणीनं वाळून जायचा. आईचं वर्णन तेच.

धडधाकट माणसाला या जंतूमुळे आठवडा-दोन आठवडे जुलाब होतात आणि थांबतात. सीडी-4 पेशी शंभराच्या खाली गेल्या की थांबवणारं कुणी उरत नाही. वर हा प्राणी क्लोरीनलाही दाद देत नाही. 1993 मध्ये अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात नळाच्या पाण्यातून चार लाख लोक आजारी पडले. पाणी उकळलं की मात्र मरतो.

आता मला सगळ्यात खटकलेली गोष्ट. शौचाची नेहमीची तपासणी केली तर हा सहज निसटतो. आकार पाच मायक्रॉनच्या आसपास, यीस्टसारखा दिसतो. पण टीबीच्या थुंकीला जो झील-नील्सन रंग देतात, तोच थोडा सौम्य करून दिला की निळ्या पार्श्वभूमीवर लाल ठिपके उठून दिसतात. ही युक्ती 1981 पासून माहीत आहे. टीबीचा रंग तर आपल्याकडे साध्या सरकारी दवाखान्यातही असतो! म्हणजे डेटा होता, टूल होतं, क्वेरीच कुणी मारली नाही.

अगदीच कुणी नाही असंही नाही. पुण्याच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेनं जुलाब असलेले एचआयव्हीग्रस्त रुग्ण तपासले. 2009 मध्ये निष्कर्ष छापून आले, त्यात हाच जंतू आघाडीवर होता. त्याच रंगात दिसणारा त्याचा भाऊबंद आयसोस्पोरा को-ट्रायमॉक्साझोल या स्वस्त गोळीनं बरा होतो. क्रिप्टोस्पोरिडियमवर मात्र अशा रुग्णांसाठी खात्रीचं औषध आजही नाही. एचआयव्हीची औषधं देऊन पहारेकरी परत आणायचे, एवढाच उपाय. ती औषधं सरकारी रुग्णालयांत मोफत मिळायला सुरुवात झाली 1 एप्रिल 2004 ला, पहिल्या सहा राज्यांत महाराष्ट्र होता.

काका गेले त्यानंतर पाचच महिन्यांनी. त्यांना यातलं नेमकं काय झालं होतं हे आता कळायची सोय नाही. कुणी तपासलंच नव्हतं.

अवांतर: आमच्या जिल्ह्यातल्या पोरांची सहल सेवाग्रामला जातेच. तिथे परचुरे कुटी दाखवतात. परचुरे शास्त्रींना कुष्ठरोग होता, आणि गांधीजी स्वतः त्यांना मालिश करायचे. मीही रांगेत उभं राहून ती पाहिली आहे.

असो. रात्री आईला त्या चादरींबद्दल विचारलं. म्हणाली, काकू त्या पहाटे नाल्यावर नेऊन धूत. गल्लीतल्या बायका नळावर येऊ देत नव्हत्या. धुण्यातून एचआयव्ही पसरत नाही. क्रिप्टोस्पोरिडियम मात्र पसरू शकतो, पण तेव्हा गल्लीत ते नाव कुणी ऐकलेलंही नव्हतं.

त्या बायकांत आई होती का, हे मी विचारलं नाही.