तपासणीचे मोल : इंग्लंडमधील नियोजन सल्ला व बांधकाम नियंत्रण शुल्काचा इतिहास

प्रास्ताविक

स्थानिक स्वराज्य संस्थांचा अभ्यास करताना कर, निवडणुका आणि अनुदाने यांचा विचार सामान्यतः विस्ताराने होतो. शुल्क मात्र हिशेबनिसाची बाब म्हणून बाजूला पडते. वस्तुतः घराचा नकाशा मंजूर करून घेण्यासाठी नागरिक जी रक्कम भरतो, तिच्यामागे एक मूलभूत प्रश्न दडलेला असतो. इमारत सुरक्षित आहे की नाही, हे पाहण्याचा खर्च मालकाने सोसावा की सर्व करदात्यांनी? आणि मालकाने तो सोसला, तर तपासनीस कोणाचा सेवक ठरतो? इंग्लंडमध्ये या प्रश्नाची उत्तरे अडीचशे वर्षांत अनेकदा बदलली. या बदलांचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

लंडनचे सर्व्हेअर

१६६६ च्या भीषण आगीनंतर लंडनमध्ये लाकडी घरांऐवजी विटा व दगड यांचे बांधकाम सक्तीचे झाले. १७७४ च्या इमारत कायद्याने पुढचे पाऊल टाकले. इमारतींचे सात वर्ग पाडून प्रत्येक वर्गासाठी भिंतींची जाडी ठरविण्यात आली आणि ठरावीक विभागांसाठी सर्व्हेअर नेमण्यात आले. या सर्व्हेअरला पगार नव्हता. बांधकाम कोणत्या वर्गातील आहे, त्यानुसार बांधणाऱ्याकडून मिळणारे शुल्क हेच त्याचे उत्पन्न. १८४४ व १८५५ च्या कायद्यांनी नियम बदलले, पण शुल्काची पद्धत कायम ठेवली.

आजच्या दृष्टीने ही व्यवस्था संशयास्पद वाटते. ज्याच्याकडून पैसे घ्यायचे त्याच्याच भिंती पाडायला सांगायच्या, हे कसे साधावे? त्यात अनेक सर्व्हेअर स्वतःचा वास्तुरचनेचा खाजगी व्यवसायही करीत. तरीही या व्यवस्थेत एक बंधन होते व ते महत्त्वाचे होते. सर्व्हेअरचा विभाग कायद्याने ठरलेला असे. बांधणाऱ्याला पैसे द्यावे लागत. परंतु पैसे कोणाला द्यावेत हे निवडण्याची मुभा त्याला नव्हती. एखादा सर्व्हेअर कडक निघाला म्हणून शेजारच्या विभागातील सौम्य सर्व्हेअरकडे जाता येत नसे.

लंडनबाहेर वेगळा मार्ग निघाला. १८७५ च्या सार्वजनिक आरोग्य कायद्याने स्थानिक मंडळांना इमारतींविषयी उपविधी करण्याचा आणि नकाशे मागविण्याचा अधिकार दिला. साथीचे रोग, तुंबलेली गटारे आणि कोंदट खोल्या हा त्या कायद्याचा संदर्भ होता. एका घराची अस्वच्छता साऱ्या वस्तीला भोवते. त्यामुळे तपासणीचा खर्च स्थानिक करातून भागविणे स्वाभाविक मानले गेले. १९६६ पासून देशव्यापी बांधकाम नियम लागू झाले, तेव्हाही हीच धारणा टिकून होती.

१९४७ चा नगर व ग्राम नियोजन कायदा याहून निराळा. त्याने जवळजवळ प्रत्येक विकासकामाला परवानगी आवश्यक केली आणि जमिनीच्या वाढीव मूल्यावर विकास आकार बसविला. तो आकार १९५३ च्या कायद्याने रद्द झाला. सेवेचे मोल आणि मूल्यवृद्धीतील समाजाचा वाटा या दोन गोष्टींची गल्लत अनेक लेखनांत आढळते, म्हणून एवढाच उल्लेख. परवानगीचा अर्ज मात्र विनामूल्य होता.

१९८० नंतरचे वळण

मे १९७९ मध्ये सत्तेवर आलेल्या थॅचर सरकारने सार्वजनिक खर्चाला कात्री लावण्यास प्रारंभ केला. १९८० मध्ये बांधकाम नियमांखालील तपासणीसाठी शुल्क सुरू झाले. त्याच वर्षीच्या स्थानिक शासन, नियोजन व जमीन कायद्यातील कलम ८७ नुसार एप्रिल १९८१ पासून नियोजन अर्जांवरही शुल्क आले. त्याचे दर केंद्र सरकार ठरवीत असे; परिषदेने ते फक्त वसूल करायचे.

कायद्याने अर्जावर शुल्क दिले, सल्ल्यावर नव्हे. अर्ज करण्यापूर्वी विकासक नियोजन अधिकाऱ्याला भेटून आराखडा दाखवीत आणि तो मान्य होण्यासारखा आहे का, हे विचारीत. अशा भेटींत अधिकाऱ्यांचे तास खर्ची पडत. लंडनच्या रिचमंड परिषदेने विकासकांकडून अशा भेटींसाठी २५ पौंड घेण्यास सुरुवात केली. वृद्धांसाठी घरे बांधणाऱ्या मॅकार्थी अँड स्टोन या कंपनीने त्याला आव्हान दिले. उच्च न्यायालय आणि अपील न्यायालय या दोहोंनी परिषदेची बाजू उचलून धरली. नोव्हेंबर १९९१ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने मात्र एकमताने हे शुल्क बेकायदा ठरविले.

लॉर्ड लॉरी यांच्या निकालपत्रातील युक्तिवाद मुळातून समजून घेण्याजोगा आहे. १९७२ च्या स्थानिक शासन कायद्यातील कलम १११ परिषदेला आपल्या कर्तव्यांना आनुषंगिक असलेली कामे करू देते. नियोजनाचे अर्ज निकाली काढणे हे कर्तव्य. अर्जापूर्वी सल्ला देणे हे त्याला आनुषंगिक. परंतु त्या सल्ल्याचे पैसे घेणे म्हणजे आनुषंगिकाला आनुषंगिक, आणि एवढी लांबची मजल कलमाला मान्य नाही. संसदेने स्पष्ट शब्दांत अधिकार दिल्याखेरीज शासनाने प्रजेकडून पैसा घेऊ नये, या जुन्या तत्त्वाचा आधार त्यामागे होता. पहिल्या महायुद्धानंतर दुधावर गॅलनमागे दोन पेन्स आकारणाऱ्या अन्न नियंत्रकालाही याच तत्त्वाने अडविले होते. रक्कम २५ पौंडांची असो वा दोन पेन्सची, प्रश्न अधिकाराचा होता.

येथे भारतातील एका निकालाची आठवण होणे अपरिहार्य आहे. अहमदाबाद नागरी विकास प्राधिकरणाने बांधकाम परवानगी देताना घेतलेले विकास शुल्क १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अवैध ठरविले. मूळ कायद्यात स्पष्ट तरतूद नसताना शुल्काचा अधिकार गृहीत धरता येत नाही, असे न्यायालयाने म्हटले. महाराष्ट्राने त्याच वर्षी प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ मध्ये विकास शुल्काचे स्वतंत्र प्रकरण समाविष्ट केले. लंडनमधील न्यायालय आणि दिल्लीतील न्यायालय काही महिन्यांच्या अंतराने एकाच ठिकाणी पोहोचले, हे लक्षणीय आहे.

इंग्लंडमध्ये संसदेने ही उणीव भरून काढण्यास बारा वर्षे घेतली. स्थानिक शासन कायदा, २००३ च्या कलम ९३ ने ऐच्छिक सेवांसाठी शुल्क घेण्याचा अधिकार दिला. अट एवढीच, की उत्पन्न खर्चापेक्षा अधिक नसावे. त्यानंतर अर्जपूर्व सल्ल्याचे दरपत्रक परिषदोपरिषदी दिसू लागले आणि शेजारच्या दोन परिषदांचे दर वेगवेगळे असणे हे नित्याचे झाले. मोठ्या विकासकाला ही रक्कम किरकोळ. घरामागे एक खोली वाढवू पाहणाऱ्याला मात्र प्रश्न विचारण्याआधीच खिसा चाचपावा लागतो, आणि जो विचारत नाही तो चुकीचा अर्ज घेऊन येतो. त्यात परिषदेचाच वेळ जातो. अर्जाचे दर तर वाढतच गेले : घरमालकाच्या साध्या अर्जाचे शुल्क २०१८ मध्ये २०६ पौंड, डिसेंबर २०२३ मध्ये २५८ पौंड आणि एप्रिल २०२५ मध्ये ५२८ पौंड झाले.

स्पर्धा आणि तिचे परिणाम

बांधकाम नियंत्रणात याहून खोल बदल घडला. बांधकाम कायदा, १९८४ ने परिषदेच्या तपासनीसाला पर्याय म्हणून खाजगी ‘मान्यताप्राप्त निरीक्षक’ आणले. १९८५ मध्ये पहिली मान्यता राष्ट्रीय गृहबांधणी परिषदेला मिळाली. कालांतराने इतर संस्थाही आल्या. परिषदेने आपल्या सेवेचा खर्च शुल्कातूनच भागवावा, असे १९९८ व २०१० च्या नियमांनी सांगितले. २०१० च्या नियमांत काही सौजन्य होते. सल्ल्याचा पहिला तास विनामूल्य होता आणि अपंग व्यक्तींच्या सोयीसाठी केलेल्या कामांवर शुल्क नव्हते. पण मूळ रचना बाजारपेठेची झाली. १७७४ च्या सर्व्हेअरला शुल्क मिळे, पण गिऱ्हाईक गमावण्याची भीती नव्हती. आता ती भीती परिषदेच्या अधिकाऱ्यालाही वाटू लागली. फरक शुल्काचा नव्हता, निवडीचा होता.

१४ जून २०१७ रोजी लंडनमधील ग्रेनफेल टॉवरला लागलेल्या आगीत ७२ माणसे मृत्युमुखी पडली. या इमारतीच्या नूतनीकरणाची तपासणी कोणा खाजगी निरीक्षकाने नव्हे, तर केन्सिंग्टन व चेल्सी परिषदेच्या बांधकाम नियंत्रण विभागानेच केली होती. त्यामुळे केवळ खाजगीकरणाला दोष देणारे स्पष्टीकरण अपुरे पडते. ज्युडिथ हॅकिट यांच्या मे २०१८ च्या अहवालाने विकासकाने आपला तपासनीस स्वतः निवडण्यातील हितसंबंधांच्या संघर्षावर बोट ठेवले. बांधकाम सुरक्षा कायदा, २०२२ ने किमान १८ मीटर उंच किंवा किमान सात मजली निवासी इमारतींसाठी ही निवड काढून घेतली आणि ते काम नव्या बांधकाम सुरक्षा नियामकाकडे सोपविले. लहान इमारतींसाठी ती शिल्लक राहिली.

सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चौकशी आयोगाच्या अंतिम अहवालाने या मुद्द्यावर स्पष्ट शब्द वापरले. ग्राहक मिळविण्याचा व टिकविण्याचा व्यापारी हेतू खाजगी निरीक्षकांच्या लोकहिताच्या कर्तव्याशी विसंगत होता आणि त्यांच्याशी स्पर्धा करताना परिषदांचे विभागही त्याच विसंगतीत सापडले, असा आयोगाचा निष्कर्ष होता. ज्याला व्यापारी हितसंबंध आहे त्याने बांधकाम नियंत्रणाचे काम करावे का, आणि हे सारे काम एका राष्ट्रीय प्राधिकरणाकडे द्यावे का, याचा विचार करण्यासाठी स्वतंत्र समिती नेमावी, अशी शिफारस आयोगाने केली.