पोपटीची आग लावता सगळ्यांना येते, विझवायची कशी?

गव्हाण (ता. पनवेल) : थंडी पडली, वालाच्या शेंगा भरल्या की पनवेल, उरण, पेण, अलिबाग पट्ट्यात पोपटीचे बेत सुरू होतात. शनिवारी रात्री गावाबाहेर पाहिलं तर दोन-चार ठिकाणी तरी जाळ दिसतो. शिवाय अलीकडे शेतघरं, तंबूत मुक्काम करणारे पर्यटक, ट्रेकवाले यांची भर पडली आहे. शहरातली माणसं त्याला कॅम्पफायर म्हणतात, आपल्याकडे शेकोटी. नाव काहीही असो, आग तीच आणि तिचे नियमही तेच.

पोपटी करायची कशी हे रायगडात कुणाला शिकवायला नको. मडक्याला आतून भांबुर्डीचा पाला, मग वालाच्या शेंगा, बटाटे, रताळी, अंडी, मसाला लावलेली कोंबडी, वरून ओवा आणि जाडं मीठ, तोंडाला पुन्हा भांबुर्डीचा बोळा. पाणी नाही, तेल नाही. मडकं उपडं ठेवायचं, भोवती पेंढा, पालापाचोळा, काटक्या, शेणी रचून पेटवायचं. अर्धा ते पाऊण तास जाळ द्यायचा. मडक्यावर पाण्याचे थेंब शिंपडले आणि चर्र आवाज होऊन लगेच उडाले, की झाली. गुजरातेत वलसाडकडे उबाडियू नावाचा असाच प्रकार करतात, तिथेही मडकं उपडंच असतं.

इथपर्यंत सगळ्यांना येतं. गडबड होते ती त्यानंतर. मडकं निघालं की सगळे ताटाकडे, आणि तो पेटलेला गोल तसाच राहतो.

जागा बदलली, सवय तीच राहिली

पूर्वी पोपटी लागायची कापणी झालेल्या भाताच्या खाचरात. खाली चिकणमाती, भाताची खुंटं तेवढी शिल्लक. पेटायला फारसं काही नसायचं, त्यामुळे विझवण्याकडे थोडं दुर्लक्ष झालं तरी निभावून जायचं. सिडकोच्या संपादनात या भागातली बरीच शेती गेली. वाल आता अनेक घरांत बाजारातून येतात. पोपटी काही सुटली नाही, पण ती आली मोकळ्या प्लॉटवर, रस्त्याच्या कडेला, टेकडीच्या पायथ्याशी. तिथे जानेवारीत कमरेएवढं गवत वाळून पिवळं झालेलं असतं, त्यात प्लास्टिक आणि डेब्रिज. खाचरातली सवय तिथे चालत नाही.

जागा निवडताना आधी खाली बघावं, मग वर, मग वाऱ्याकडे. खाली किमान दहा फुटांच्या गोलात गवत, पाला काही नको, फावड्याने मातीपर्यंत खरवडून घ्यावं. झाडाच्या बुंध्याशी आग कधीच लावू नये. वाळलेलं मूळ आतल्या आत धुमसत राहतं आणि वरून कळतही नाही. वर फांद्या नकोत. मोहोर आलेल्या आंब्याखाली तर अजिबात नको, मोहोर करपतो. उच्चदाबाच्या विजेच्या तारांखाली जाळ करू नये. ज्वाळा आणि धूर यांतून वीज खाली उतरण्याचा धोका असतो, आणि आपल्या भागात असे टॉवर किती आहेत ते सांगायला नको. पेंढ्याची उडवी, गोठा, पार्क केलेल्या गाड्या यांच्यापासून लांब. लांब म्हणजे ठिणगी वाऱ्यावर जाईल त्यापलीकडे, निदान पन्नास फूट. उडवी जळाली तर नुसता पेंढा जात नाही, पावसाळ्यापर्यंतची गुरांची वैरण जाते.

वाऱ्याचं गणित किनाऱ्यालगतच्या गावांनी नीट लक्षात ठेवावं. दुपारी खारे वारे समुद्राकडून जमिनीकडे वाहतात. संध्याकाळी वारा पडतो आणि रात्री मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे सुटतात. म्हणजे सात वाजता शांत हवेत पेटवलेली आग अकरा वाजता भलत्याच दिशेला ठिणग्या टाकू शकते. पेटवताना एका बाजूला गवत आहे पण वारा तिकडे नाही, म्हणून चालेल, असं धरून चालू नये. मुळातच वारा सोसाट्याचा असेल तर त्या दिवशी पोपटी नको. वाल उद्याही मिळतील.

काय जाळायचं, काय नाही

जळण तीन जाडीचं लागतं. पेटवायला पेंढा, वाळलेला पाला, नारळाचं सोडण किंवा झावळीचे तुकडे. त्यावर बोटाएवढ्या काटक्या. मग मनगटाएवढी लाकडं. काटकी मोडून बघावी. कडकन तुटली तर सुकी, नुसती वाकली तर ओली. ओलं लाकूड धूर करतं आणि आग लागत नाही म्हणून मग कुणीतरी पेट्रोलची बाटली काढतो. इथेच माणसं भाजतात. पेट्रोल ओतलं की त्याची वाफ जमिनीलगत पसरते आणि काडी ओढल्याबरोबर भडका थेट हातातोंडावर येतो. धुमसत्या आगीवर ओतलं तर ज्वाळा धारेबरोबर बाटलीपर्यंत चढते. रॉकेल, सॅनिटायझर, थिनर हेही नको. आग लागत नसेल तर जळण ओलं आहे किंवा गच्च रचलंय. काटक्या उभ्या-आडव्या सैल रचाव्या, खालून हवा जायला वाट ठेवावी, आपोआप पेटते.

पोपटीचा जाळ आणि शेकोटी यांत फरक आहे. पोपटीला चोहोबाजूंनी एकसारखा, थोड्या वेळाचा जाळ हवा, म्हणून पेंढा, पाला जास्त. शेकोटी रात्रभर बसायला असते, तिला जाड लाकूड थोडं थोडं घालत राहायचं. ज्वाळा गुडघ्याच्या वर जाऊ द्यायची गरज नाही. मोठा जाळ केला तर जवळ बसता येत नाही, मग शेकायचं काय?

जेएनपीटीच्या गोदामांमुळे या पट्ट्यात पॅकिंगची लाकडी पॅलेट सहज मिळतात आणि सर्रास जाळली जातात. त्यावर गव्हाच्या कणसासारखा शिक्का असतो आणि शेजारी इंग्रजी अक्षरं. ‘एचटी’ असेल तर ते लाकूड फक्त तापवून कीडमुक्त केलेलं असतं. ‘एमबी’ असेल तर त्याला मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली असते. ते जाळू नये आणि अन्नाजवळ तर मुळीच नाही. शिक्काच नसेल, रंग किंवा तेल सांडलेलं असेल, तरीही नको. प्लायवूड, टायर, थर्माकोल, प्लास्टिकच्या पिशव्या यांचा धूर छातीत जातो आणि पोपटीची चवही बिघडवतो. पॅलेट जाळलेच तर राखेतले खिळे दुसऱ्या दिवशी वेचावे, गुरांच्या पायात जातात.

कण्हेर विषारी आहे. तिचं जळण नको आणि अंडी, मांस टोचायला तिच्या काड्याही नकोत. बांबूचे बंद पेर आगीत घातले तर आतली हवा तापून फटाक्यासारखे फुटतात, फोडूनच घालावे. चुलीला दगड मांडायचे तर ओढ्यातले, पाण्यात भिजलेले घेऊ नयेत, तेही तडकून उडतात. रानातून सरपण गोळा करताना वेलीवर खाजकुइलीच्या शेंगा आहेत का बघावं. एकदा कुसं अंगाला लागली की रात्र खाजवण्यात जाते.

तिवरं तोडायची नाहीत. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००५ च्या आदेशापासून राज्यभर खारफुटी तोडण्यावर बंदी आहे. वाळलेली फांदी दिसली तरी कोयता घेऊन खाडीत उतरू नये.

जाळ चालू असताना

एक माणूस आगीचा. त्याने जेवायला सगळ्यांच्या नंतर बसायचं, आणि त्या रात्री त्याने दारू घ्यायची नाही. हे ऐकायला कडक वाटेल, पण पंधरा जणांत एक तरी जागा माणूस लागतोच. दोन बादल्या पाणी आणि फावडं पेटवण्याआधी तिथे हवं, काडी ओढल्यावर शोधायचं नाही. नायलॉनची ओढणी, जॅकेट, लोंबणारे कपडे घालून जाळाजवळ वाकू नये. नायलॉन पेटल्यावर वितळून कातडीला चिकटतं. पोरांना जाळाभोवती धावू देऊ नये.

मडकं काढताना कोरडं गोणपाट वापरावं. ओलं फडकं धरलं तर त्यातलं पाणी तापून वाफेने हात भाजतो. तोंडाचा पाला ओढताना तोंड बाजूला ठेवावं.

भाजलंच तर जखमेवर वीस मिनिटं साधं वाहतं पाणी. बर्फ, टूथपेस्ट, हळद, शाई यातलं काही लावू नये. फोड फोडू नये. अंगठी, बांगडी सूज यायच्या आत काढावी. भाजलेला भाग मोठा असेल किंवा तोंडाला, हाताला असेल तर १०८ ला फोन करावा.

तंबू लावणाऱ्यांना, खास करून पैसे घेऊन पर्यटकांना उतरवणाऱ्या शेतकऱ्यांना एक गोष्ट निक्षून सांगायला हवी. रात्री थंडी वाजते म्हणून घमेल्यात निखारे घेऊन तंबूत किंवा बंद खोलीत ठेवू देऊ नका. निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. झोपेतला माणूस उठतच नाही. जास्तीचं पांघरूण द्या.

विझवणं

‘अरे पाणी कशाला, माती टाक की!’ हे प्रत्येक पोपटीला ऐकू येतं. आता घरातल्या म्हाताऱ्या आजीला विचारा. गॅस येण्याआधी रात्री चुलीतला निखारा राखेखाली झाकून ठेवायचे. का? तर सकाळपर्यंत तो जिवंत राहावा म्हणून. पहाटे राख बाजूला सारून फुंकर मारली की विस्तव तयार, काडेपेटीची काडी वाचली. म्हणजे माती-राख टाकून आग झाकणं ही आग राखण्याची पद्धत आहे, विझवण्याची नव्हे. माती टाकून घरी गेलेला माणूस आग सांभाळून ठेवून जातो. पहाटे वारा सुटला की माती उडते, निखारा उघडा पडतो आणि शेजारी वाळकं गवत असतंच. शेणी वापरल्या असतील तर आणखी जपावं, शेण फार वेळ धुमसतं.

बरोबर पद्धत अशी. निघायच्या अर्धा तास आधी जळण घालणं बंद करावं. मोठे ओंडके वेगळे काढून पसरावे, एकत्र असले की एकमेकांना तापवत राहतात. मग पाणी कडेने सुरू करून मध्ये आणावं, हळूहळू, वाऱ्याच्या पाठीशी उभं राहून. एकदम बादली उपडी केली तर गरम वाफ आणि राख अंगावर येते. नंतर फावड्याने किंवा काठीने सगळा चिखल होईपर्यंत ढवळावं. ओंडक्यांच्या खालच्या बाजू उलट्या करून ओल्या कराव्या. पुन्हा पाणी, पुन्हा ढवळणं. सूं आवाज थांबला म्हणजे संपलं असं नाही. हाताची पालथी बाजू आधी राखेच्या वर धरून बघावी, ऊब लागली नाही तरच हळूच टेकवावी. कोमट लागलं तरी अजून पाणी. दोन बादल्या पुरतात असं नाही, पोपटीच्या गोलाला चार लागू शकतात. भोवतीच्या गवतात उडालेल्या ठिणग्या बघायला मोबाइलचा टॉर्च बंद करून अंधारात एक फेरी मारावी, लाल ठिपका लगेच दिसतो.

पाणी अगदीच कमी असेल तर माती वापरता येते, पण नुसती वरून टाकायची नाही. निखारे ओल्या मातीत मिसळून, उलथून, गार होईपर्यंत तिथे थांबायचं. पिरवाडी, किहीम, रेवदंडा अशा किनाऱ्यांवर शेकोटी करणारे वाळू लोटून निघून जातात. वाळूखालचा निखारा तासन्‌तास गरम राहतो आणि सकाळी अनवाणी धावणारं पोर त्यावर पाय देतं. शेजारी समुद्र असताना पाणी टाकायला काय हरकत आहे?

कायदा काय सांगतो

राखीव जंगलात आग लावणं, किंवा वन विभागाने मुभा दिलेला काळ सोडून विस्तव पेटवणं, नेणं हा भारतीय वन अधिनियम १९२७ च्या कलम २६ खाली गुन्हा आहे. पनवेलकरांच्या जवळचं कर्नाळा हे पक्षी अभयारण्य आहे. अभयारण्याला धोका होईल अशी आग पेटवायला किंवा जळती सोडून यायला वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ चं कलम ३० मनाई करतं. तिथे आत शेकोटीचा विचारही नको. जंगलाबाहेर, अगदी स्वतःच्या जागेतसुद्धा, आगीबाबत निष्काळजीपणाने दुसऱ्याच्या जिवाला धोका केला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २८७ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. ज्यांना जंगलात चराई, सरपण असे हक्क आहेत त्यांच्यावर वणवा दिसला तर कळवण्याची आणि विझवायला मदत करण्याची जबाबदारीही १९२७ च्या कायद्यानेच टाकली आहे.

आग हाताबाहेर गेली तर आधी माणसं बाजूला. चढावर पळू नये, आग उतारापेक्षा चढावर वेगाने धावते. आधीच जळून गेलेल्या किंवा मोकळ्या जमिनीकडे, वाऱ्याच्या आडव्या दिशेने निघावं. अग्निशमन १०१, कोणत्याही संकटासाठी ११२, वन विभागाची हेल्पलाइन १९२६. फोनवर गावाचं नाव, जवळचा रस्ता आणि आग कुठल्या दिशेला सरकतेय एवढं सांगावं.

राख दुसऱ्या दिवशी पूर्ण गार झाल्यावर परसात किंवा वाफ्यात टाकता येते. फक्त त्याच रात्री गोणीत किंवा प्लास्टिकच्या पिशवीत भरून गाडीच्या डिकीत ठेवू नये.