गुरुजींच्या घरातील समई : बाया कर्वे यांचे स्मरण

दरवर्षी १२ जानेवारीला आपल्या बुलढाणा जिल्ह्यातील सिंदखेडराजा येथे माणसांचा महापूर लोटतो. लखुजी जाधवांच्या वाड्यात जन्मलेल्या जिजाऊंचे स्मरण करण्यासाठी लोक दूरदूरहून येतात. मातेचे ऋण मान्य करण्यात आपला समाज मागे राहिलेला नाही. पत्नीच्या बाबतीत मात्र आपली वाणी आखडते. निवृत्त गुरुजींच्या सत्काराचा प्रसंग पाहावा. शाल, श्रीफळ, मानपत्र आणि तासभर भाषणे गुरुजींसाठी; शेवटी त्यांच्या पत्नीला व्यासपीठावर बोलावून खणानारळाने ओटी भरायची आणि ‘यांच्या साथीमुळेच हे शक्य झाले’ एवढे एक वाक्य बोलायचे. शिक्षक गणिताचा असो, संगीताचा असो की मैदानावरील खेळाचा, ही रीत सहसा बदलत नाही. त्या एका वाक्यामागे किती आयुष्य दडलेले असते, याचा विचार करताना मला नेहमी बाया कर्वे यांची आठवण होते.

महर्षी धोंडो केशव कर्वे हे नाव कोणाला ठाऊक नाही? पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात १८९१ ते १९१४ या काळात ते गणित शिकवीत. महाराष्ट्रातील स्त्रीशिक्षणाचा इतिहास त्यांना वगळून लिहिताच येणार नाही. पण त्यांच्याबरोबर सत्तावन्न वर्षे संसार करणारी स्त्री कोण होती, हे विचारले तर पुष्कळांना उत्तर सुचणार नाही.

तिचे माहेरचे नाव गोदूबाई जोशी. गाव कोकणातील देवरुख. बालवयातच तिचे लग्न नातू घराण्यात झाले आणि बालवयातच वैधव्यही आले. त्या काळच्या रीतीप्रमाणे सासरी राबणे एवढेच तिच्या नशिबी उरले होते. तिचा भाऊ नरहर बाळकृष्ण जोशी हा मुंबईत शिकत होता आणि कर्वे यांचा स्नेही होता. पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले, तेव्हा गोदूबाई तेथे दाखल झाल्या. सदनात आलेली ही पहिली विधवा विद्यार्थिनी. रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला होता. तरीही सदनातील मुलींना आपापले धर्माचार पाळण्याची त्यांनी मोकळीक ठेवली होती. पुढच्याच वर्षी सदन पुण्यास आले. ज्या मुलीला अक्षरओळख होणे दुरापास्त होते, तिच्या हाती पुस्तक आले.

इकडे १८९१ मध्ये कर्वे यांच्या पत्नी राधाबाई निवर्तल्या. मागे रघुनाथ हा लहान मुलगा होता. पुन्हा विवाह करायचा तर विधवेशीच, असा कर्वे यांचा निश्चय होता. गोदूबाईंच्या वडिलांनी संमती दिली आणि ११ मार्च १८९३ रोजी पुण्यात हा विवाह झाला. शारदा सदन उघडले त्याला त्या दिवशी बरोबर चार वर्षे पूर्ण होत होती. वधूचे नाव आनंदीबाई ठेवण्यात आले. पण जग त्यांना ‘बाया’ याच नावाने ओळखू लागले.

सुधारकाच्या विवाहाची कथा बहुधा येथेच संपवली जाते. बायांची कथा मात्र येथे सुरू होते. कर्वे यांच्या मुरुड गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. व्याख्यानात टाळ्या मिळवणारा पुरुष घराबाहेर पडून कामात बुडून जाऊ शकतो. शेजारणीचे अबोले, समारंभातून वगळले जाणे, पाणवठ्यावरची कुजबुज ही घरातल्या बाईला रोज झेलावी लागते. सावत्र मुलाला आपलेसे करणे हेही तिचेच काम. पुढे शंकर, दिनकर आणि भास्कर हे तीन मुलगे झाले आणि घरखर्च वाढत गेला.

खर्चाचा प्रश्न साधा नव्हता. फर्ग्युसनच्या आजीव सदस्यांचा पगार बेताचा. त्यातही कर्वे यांचा हात देण्यासाठी सदैव पुढे. १८९३ मध्येच त्यांनी विधवाविवाहाला साहाय्य करणारी मंडळी काढली, १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम मंडळी स्थापली आणि १९०० मध्ये आश्रम पुण्याबाहेर हिंगण्याच्या माळावर नेला. महाविद्यालयातील अध्यापन संपले की ते पायी हिंगण्याची वाट धरीत. पदरची शिल्लक तर त्यांनी संस्थेला दिलीच, शिवाय आयुष्याच्या विम्याची पॉलिसीही तिच्याच नावे केली. जगाला हा त्याग दिसला. ज्या स्त्रीच्या पुढील आधाराची ती पॉलिसी होती, तिला काय वाटले असेल? उद्या यांचे बरेवाईट झाले तर मुलांच्या तोंडी काय घालू, हा प्रश्न स्वार्थाचा नव्हे, मातृत्वाचा आहे. बायांनी तो प्रश्न पतीला विचारला, त्यावरून वाद घातले. आणि तरीही संसार मोडू दिला नाही. त्या रडत बसल्या नाहीत. नागपूरला जाऊन त्यांनी सुईणीचे शिक्षण घेतले, म्हणजे आपल्या विदर्भाशीही त्यांचा ऋणानुबंध जुळला. मिळवलेली ही विद्या त्यांना पुढे स्वतःच्या पायांवर उभे राहण्यास उपयोगी पडली.

आणखी एक दुःख त्याहून खोल होते. सनातनी घरांनी आपल्या विधवा मुली निःशंकपणे आश्रमात पाठवाव्यात म्हणून कर्वे यांनी पुनर्विवाहाचा प्रश्न आश्रमापासून दूर ठेवला. व्यवहाराच्या दृष्टीने ते शहाणपणाचेच होते. पण त्यामुळे स्वतः पुनर्विवाहित असलेल्या बायांचे आश्रमातील स्थान अवघड होऊन बसले. त्यांची विधवा बहीण पार्वतीबाई आठवले आश्रमाचा आधारस्तंभ बनल्या, निधी गोळा करीत देशभर आणि पुढे अमेरिकेपर्यंत गेल्या. बाया मात्र पतीने उभारलेल्या घराच्या उंबरठ्यावर राहिल्या. ज्या धाडसी पावलाने कर्वे यांच्या कार्याचा आरंभ झाला, ते पाऊल त्यांच्याबरोबर बायांनीही टाकले होते. आणि कार्य वाढले तेव्हा तेच पाऊल त्यांच्या आड आले.

हे सारे आपल्याला कळते कसे? बायांनी म्हातारपणी आपली जीवनकथा सांगितली आणि सूनबाई कावेरी कर्वे यांनी ती कागदावर उतरवली. ‘माझे पुराण’ या नावाने ती १९४४ मध्ये प्रसिद्ध झाली. कर्वे यांचे आत्मवृत्त १९१५ सालीच आले होते. त्यात कार्याचा इतिहास आहे. ‘माझे पुराण’ वाचले की त्याच इतिहासाची माजघरातील बाजू दिसते. भाषा बोलण्यातली, सांगणे निर्भीड. पतीविषयी आदर आहे, पण त्यांच्या चुका झाकलेल्या नाहीत. दुसऱ्या सूनबाई, सुप्रसिद्ध मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे, यांनीही सासऱ्यांवर लिहिताना त्यांची सून असल्याबद्दल धन्यता व्यक्त केली. मात्र त्यांच्या पत्नीची भूमिका आपल्या वाट्याला आली नाही याचे समाधानही लपवले नाही. थोर माणसाच्या सहवासाची किंमत त्या घरातील स्त्रियांनी ओळखली होती.

बाया १९५० मध्ये निधन पावल्या. महर्षी तेव्हा ब्याण्णव वर्षांचे होते. त्यानंतर १९५५ मध्ये त्यांना पद्मविभूषण आणि १९५८ मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी, भारतरत्न मिळाले. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी त्यांनी देह ठेवला. सन्मानाचे ते मोठे क्षण आले तेव्हा शेजारची जागा रिकामी होती. त्यांनी १९१६ मध्ये स्थापलेल्या महिला विद्यापीठाला विठ्ठलदास ठाकरसी यांनी १९२० मध्ये पंधरा लाखांची देणगी दिली आणि आपल्या मातोश्री नाथीबाईंचे नाव त्यास जोडले. एका पुत्राने मातेचे स्मरण केले, ते योग्यच झाले. बायांच्या वाट्याला असे भव्य स्मारक आले नाही. मात्र हिंगण्याच्या संस्थेने त्यांच्या नावे पुरस्कार सुरू केला आणि त्यांच्या आठवणीचा दिवा तेवत ठेवला, ही समाधानाची गोष्ट होय.

मृतांचे स्मरण करण्याची आपल्या ख्रिस्ती घरांत जुनी परंपरा आहे. नोव्हेंबर महिन्यात आपण कबरींवर फुले वाहतो, मेणबत्त्या लावतो, मिस्साबलिदान अर्पण करतो. गेलेल्या व्यक्तीविषयी चांगलेच बोलावे, असा संकेतही आपण पाळतो. पण केवळ चांगले बोलण्याने माणूस जपला जात नाही. ‘प्रेमळ होत्या, सोशिक होत्या, पतीला साथ दिली’ हे शब्द कोणत्याही शिक्षकाच्या पत्नीच्या कबरीवर कोरता येतील. तिने कशाला विरोध केला, कोणत्या रात्री काळजीने जागली, कोणती इच्छा मनातच ठेवली, हे सांगितले तरच ती एक विशिष्ट, जिवंत स्त्री म्हणून आपल्यापुढे उभी राहते. बायांचे स्मरण टिकले ते त्यांच्या थोर पतीमुळे नव्हे, तर त्या खरे बोलल्या आणि एक सून लेखणी घेऊन जवळ बसली म्हणून.

आपल्या धर्मग्रामांतही वृद्ध शिक्षक आहेत, धर्मशिक्षक आहेत, आणि त्यांच्या घरात ओसरीच्या आत बसणाऱ्या त्यांच्या पत्नी आहेत. त्यांना नारळ अवश्य द्यावा. पण त्याआधी एखाद्या दुपारी त्यांच्याजवळ बसून ‘आजी, तुमचे सांगा’ असे म्हणावे. त्या सांगतील ते वहीत उतरवून घ्यावे. समई विझल्यानंतर तिच्या उजेडाविषयी भाषणे करण्यापेक्षा ती तेवत असतानाच तिच्यात तेल घालणे, हे अधिक खरे प्रेम आहे.