सायनसचा सीटी स्कॅन : रिपोर्टमधले २४ पैकी गुण काय सांगतात?

नाक कायम चोंदलेलं, घशात मागून शेंबूड उतरतो, गाल-कपाळ जड, वास येत नाही. मळणीच्या धुरळ्यात आणि चुलीच्या धुरात त्रास आणखी वाढतो. गोळ्या घेतल्या की चार दिवस बरं वाटतं, मग पुन्हा तेच. असा त्रास १२ आठवडे किंवा त्याहून जास्त चालला, तर त्याला जुनाट सायनस, म्हणजे क्रॉनिक सायनुसायटिस म्हणतात.

अशा वेळी कान-नाक-घसा तज्ज्ञ चिठ्ठीवर ‘सीटी पीएनएस’ लिहून देतात. स्कॅन होतो, रिपोर्ट हातात येतो. काही रिपोर्टमध्ये शेवटी ‘लुंड-मॅके स्कोअर’ असा आकडा असतो. तो पाहून घरचे घाबरतात. ऑपरेशन करावं लागणार का, हाच पहिला प्रश्न असतो. म्हणून हा आकडा कसा निघतो, हे समजून घ्यायला हवं.

गुण कसे देतात?

व्हॅलेरी लुंड आणि इयान मॅके या लंडनमधील दोन डॉक्टरांनी १९९३ मध्ये ही पद्धत मांडली. सायनस म्हणजे चेहऱ्याच्या हाडातल्या हवेच्या पोकळ्या. नाकाच्या प्रत्येक बाजूला पाच जागा तपासतात : गालातली पोकळी, कपाळातली, दोन डोळ्यांच्या मधली पुढची, मधली मागची आणि सर्वांत खोल असलेली.

पोकळी मोकळी असेल तर ०, थोडी भरलेली असेल तर १ आणि पूर्ण भरलेली असेल तर २ गुण. याशिवाय या पोकळ्यांचा निचरा नाकात होतो, ती वाट पाहतात. रिपोर्टमध्ये तिला ‘ओएमसी’ लिहितात. वाट उघडी असेल तर ०, बंद असेल तर थेट २. एका बाजूचे जास्तीत जास्त १२, दोन्ही मिळून २४.

उदाहरण घ्या. उजवा गाल पूर्ण भरलेला २, डोळ्यांमधली पुढची पोकळी १, कपाळ १ आणि वाट बंद २, असे उजवीकडे ६. डावीकडे गाल १ आणि पुढची पोकळी १, असे २. एकूण ८.

शाळेच्या परीक्षेच्या उलट, इथे गुण जितके कमी तितकं चांगलं.

आकडा म्हणजे आजार नव्हे

सायनसचा काहीच त्रास नसलेल्या माणसाचा दुसऱ्या कारणासाठी स्कॅन काढला, तरी चार-पाच गुण निघू शकतात. उलट, गुण कमी असूनही एखाद्याला खूप त्रास असतो. पोकळी किती भरली आहे, एवढंच स्कॅन दाखवतो. माणसाला किती त्रास आहे, हे त्यात दिसत नाही. त्यासाठी डॉक्टर लक्षणं विचारतात आणि दुर्बिणीने नाक तपासतात. त्यामुळे फक्त आकड्यावरून ऑपरेशन ठरत नाही.

बहुतेकांना आधी मिठाच्या पाण्याने नाक धुणं आणि नाकात मारायचा स्टिरॉइड स्प्रे असे उपचार काही आठवडे नियमित देतात. नाक धुण्यासाठी पाणी उकळून गार केलेलंच घ्यावं. त्याने आराम पडला नाही, तर ऑपरेशनचा विचार होतो. तेव्हा कुठली वाट बंद आहे आणि डोळ्याचं, मेंदूचं हाड किती जवळ आहे, हे सर्जनला दाखवणारा नकाशा म्हणजे हाच स्कॅन.

स्कॅन कधी काढावा?

ताज्या सर्दीत काढू नये. साध्या सर्दीतही बहुतेकांच्या पोकळ्या भरलेल्या दिसतात आणि गुण फुगतात. साध्या एक्स-रेवरून हे गुण देता येत नाहीत, कारण त्यात पोकळ्या एकमेकींवर आलेल्या दिसतात. स्कॅनला काही मिनिटंच लागतात आणि सहसा इंजेक्शन लागत नाही. चमकी, कानातले काढून ठेवावे. बाई गरोदर असेल किंवा तशी शक्यता असेल, तर आधीच सांगावं.

रिपोर्टमधले नेहमीचे शब्द

• म्युकोसल थिकनिंग : आतलं अस्तर सुजलेलं.
• पॉलिप : नाकात वाढलेला मऊ, द्राक्षासारखा गोळा.
• डीएनएस : नाकाचा मधला पडदा वाकडा. हा पुष्कळ लोकांत असतो. नुसता दिसला म्हणून ऑपरेशन लागत नाही.

इथे थांबू नका

फक्त एकाच बाजूची पोकळी भरलेली असेल, तर वरच्या दाढेची कीड, बुरशी किंवा गाठ नाही ना, हे तपासावंच लागतं. डोळा सुजणं, एकाचे दोन दिसणं, सहन न होणारी डोकेदुखी, तापासोबत मान आखडणं, ही लक्षणं दिसली तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जावं. २०२१ मध्ये कोरोनानंतर महाराष्ट्रात म्युकरमायकोसिसने अनेकांचे डोळे आणि जीव गेले. त्यात मधुमेही पुष्कळ होते. म्हणून साखर वाढलेल्या माणसाच्या नाकात काळी खपली दिसली किंवा चेहरा बधिर झाला, तर एक दिवसही घालवू नये.

डॉक्टरांकडे जाताना नुसता रिपोर्टचा मोबाईलवरचा फोटो नेऊ नका, फिल्म किंवा सीडीही सोबत ठेवा. ‘गुण किती?’ एवढंच विचारू नका. ‘कुठली वाट बंद आहे आणि औषधाने ती उघडेल का?’ हेही विचारा.