किल्लारीचा बेसाल्ट, देगलूरचा ग्रॅनाइट

लातूर आणि नांदेड हे जिल्हे दख्खनच्या लाव्हा-पठाराच्या पूर्व कडेवर येतात. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा वाहिला आणि बेसाल्टचे थर एकावर एक साचले. हे उद्रेक सलग नव्हते. दोन थरांमध्ये काही ठिकाणी विटकरी मातीचा पट्टा आढळतो. पुढचा लाव्हा येईपर्यंत आधीच्या खडकाची माती होण्याइतका अवधी गेला होता.

पूर्वेकडे हे थर पातळ होत जातात. लातूरमधील किल्लारीत 1993 च्या भूकंपानंतर खोदलेल्या वेधनविवरात बेसाल्ट 338 मीटरवर संपला, त्याखाली 8 मीटर जुना गाळ लागला आणि मग अडीचशे कोटी वर्षांच्या आसपासचा पायाचा खडक. नांदेडमधील देगलूर-बिलोलीकडे असाच प्राचीन ग्रॅनाइट थेट उघड्यावर दिसतो.

लाव्हा थांबल्यावर झिजवण्याचे काम पाण्याने आणि हवेने हाती घेतले. उष्ण, दमट हवामानात बेसाल्टमधील सिलिका वाहून गेली आणि लोह व ॲल्युमिनियम उरून जांभा तयार झाला. औशाजवळची खरोसा लेणी याच जांभ्यात कोरलेली आहेत. इतरत्र बेसाल्टचा आधी मुरूम आणि मग काळी माती झाली. मांजरा, मन्याड आणि पैनगंगा या नद्या हा सगळा ऐवज गोदावरीच्या हवाली करतात.

झीज संथ असते, भूकंपाचे तसे नाही. 30 सप्टेंबर 1993 रोजी पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारी परिसर 6.2 तीव्रतेच्या धक्क्याने हादरला. भारतीय भूपट्ट उत्तरेकडे सरकत हिमालयाला रेटतो. त्या दाबाने बेसाल्टखालच्या पायातील जुनी कमकुवत जागा तुटली आणि एक बाजू दुसरीवर चढली. केंद्र उथळ असल्याने जमिनीवरही भेग उमटली. हजारो माणसे मेली ती मुख्यतः घरांखाली. गावातल्या भिंती दगडमातीच्या आणि वर माळवदाचे ओझे: दगड बेसाल्टचा, मातीही त्याचीच. मराठवाड्याच्या उन्हाला हीच बांधणी योग्य होती, हे मात्र विसरता येत नाही.

तोवर हा भाग भूकंपाच्या दृष्टीने सर्वात सुरक्षित, म्हणजे पहिल्या विभागात गणला जात होता. 2002 च्या सुधारित नकाशात पहिला विभागच रद्द झाला आणि किल्लारी परिसर तिसऱ्यात गेला.